तंगीबावी

भालकीजवळच्या तंगीबावी गावात आगगाडी थांबणार म्हणून कोण आनंद झाला होता! पण हणमंतराव पाटलांच्या घरात सकाळीच ठिणगी पडली.

"उद्या पहिली गाडी येणार. मोठी माणसं येतील, आरती व्हईल. सोजरा, तू घरीच थांब," पाटील म्हणाले.

सोजराबाई त्यांची धाकटी बहीण, विधवा होऊन माहेरी आलेली. राबायला ती चालत होती, शुभकार्यात तिचं तोंड चालत नव्हतं! आज मात्र तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

"आन् ठेसनाच्या पाटीवर नाव कुणाचं?"

"हणमंतपूर. तंगीबावी ऐकून हैदराबादचा रेल्वेसाहेब हसला. म्हणला, गावात एवढी तंगी हाय काय? असलं दळभद्री नाव कामून ठेवायचं?"

तूर व्यापारी रेवणप्पांची आई कमलम्मा विरजण न्यायला आली होती. तिनं हातातली वाटी ओट्यावर आदळली.

"हणमंता, माझ्या लेकीला रोज तंगी म्हणून हाक मारतोस. ती काय टंचाई हाय व्हय रे? कन्नडात तंगी म्हंजे धाकटी बहीण! एक साहेब हसला, आन् तू रोजची बोली इसरलास?"

कमलम्मानं बाहेर बावीकडे बोट केलं.

"नवरा मेलेल्या एका तंगीनं ही बावी, ही इहीर, खांदली. सकाळी तिचं तोंड नको म्हणून गाव तिला आपल्या इहिरीवर येऊ देत नव्हतं. मग दुष्काळात गावची इहीर आटली, तवा तेच गाव घागरी घेऊन तिच्या बावीवर! तिनं समद्यांला पाणी दिलं. तिचं खरं नावबी कुणी इचारलं न्हाई. तंगी एवढंच उरलंय, तेबी पुसायलास?"

"पुसू द्या, अव्वा!" सोजराबाई संतापानं उसळली. "मीबी ह्या घरातली तंगीच हाय. तिला पाटीवरनं काढा, मला फलाटावरनं. पण अण्णा, मग तिच्या बावीचं पाणीबी पिऊ नगा!"

पाटलांच्या हातात पाण्याचा तांब्या होता. तो तोंडापर्यंत गेलाच नाही. त्यांची मान खाली गेली.

दुसऱ्या दिवशी फलाटावर तंगीबावीचीच पाटी होती. साहेब पुन्हा हसला. पाटलांनी आरतीचं ताट बहिणीच्या हाती दिलं. लोक कुजबुजले, पण पाटील मागे हटले नाहीत. ते साहेबाला म्हणाले,

"तंगी बोले तो छोटी भैन, साब. ये मेरी तंगी!"

सोजराबाईचा राग अजून गेला नव्हता. तशीच ताठ मानेनं ती पुढे झाली आणि तिनं गाडीला ओवाळलं.

बंधुभगिनींनो, मुलांना स्टेशनांच्या नावांमागच्या गोष्टी जरूर सांगा. पण जिच्या विहिरीचं पाणी पितो, तिलाच अपशकुनी म्हणणारं आपलं तोंड आधी धुवा!