सीटमागची भिंत

"उचला, पण सरळ उचला. तिरकं झालं तर कुणाची तरी बोटं जातील," ठिणग्या म्हणाला, आणि तिघांनी मिळून जुन्या एसयूव्हीचं मागचं छत गाडीवरून अलगद सोडवून अंगणात ठेवलं.

गाडीकडे बघून रोपवालीला हसूच फुटलं. पुढून तीच रुबाबदार गाडी, आणि पुढच्या सीटांच्या मागे एकदम काहीच नाही. अर्धी दाढी झाल्यावर न्हाव्याच्या खुर्चीतून उठून आलेल्या माणसासारखी दिसत होती ती.

"हसू नकोस," सुतारबुवा म्हणाले. "उद्या पिकअप होते की नाही बघ."

सुतारबुवा म्हणजे तिचा नवरा. माणूस ताडमाड उंच, दारातून येताना सवयीने मान वाकवणारा. गावातल्या निम्म्या घरांची दारं-खिडक्या त्यांच्या हातची होती, आणि ते स्वतःच तसं प्रत्येकाला सांगतही असत. ठिणग्या हा तिचा धाकटा भाऊ. वेल्डिंग करून करून त्याच्या प्रत्येक शर्टाला बारीक भोकं पडलेली, त्यावरून हे नाव पडलं आणि आता तर त्याची बायकोही त्याला त्याच नावाने हाक मारायची. राहता राहिली ती. घराच्या मागे तिची रोपवाटिका होती, गुलाब, लिंबू, डाळिंब आणि शोभेची पन्नास झाडं, म्हणून ती रोपवाली.

पिकअप तिच्या रोपांसाठीच होत होती. नवी घेणं त्यांच्या आवाक्यातलं नव्हतं, आणि ही गाडी सुट्टीचा दिवस सोडला तर नुसती उभी असायची. सुतारबुवांनी पहिल्याच दिवशी नियम घालून दिला होता, की विकत काही आणायचं नाही. छताचा पत्रा हौद्याच्या तळाला. सुतारबुवांच्या कारखान्यात उरलेल्या फळ्या हौद्याच्या बाजूंना. आणि गाडीचं मागचं दार, काचेसकट, पुढे आणून सीटांच्या मागे उभं करायचं, म्हणजे केबिनची भिंत तयार. बदलाच्या परवानगीचा कागद तेवढा कचेरीत चार खेपा घालून मिळवला होता, आणि त्या चार खेपांचं वर्णन सुतारबुवा अजून करत होते.

ठिणग्याने आधी दोन्ही दारांच्या चौकटींत आडवे अँगल ठोकून घेतले होते, नाहीतर छत कापल्यावर गाडी मधून बसते आणि दारं लागत नाहीत. सीटांवर त्याने ओली पोती घातली, ठिणग्यांनी कापड जळू नये म्हणून. भिंत कुठे उभी करायची ते मात्र सुतारबुवांच्या काठीने ठरणार होतं.

ही काठी म्हणजे एक प्रकरण होतं. सुतारबुवा टेपवर विश्वास ठेवत नसत. टेप वाचणारा चुकतो, आकडा लिहिणारा चुकतो, ऐकणारा तर हमखास चुकतो, असं त्यांचं म्हणणं. म्हणून प्रत्येक कामाला एक पातळ पट्टी घ्यायची, ती जागेवर धरायची आणि जिथे हवं तिथे करवतीने खाच पाडायची. या गाडीची काठी त्यांनी आदल्या आठवड्यात केली होती. उघड्या दारातून आत वाकून एक टोक डॅशबोर्डला लावलं, सीटच्या पाठीमागे चार बोटं सोडली आणि खाच पाडली. चार बोटांपेक्षा जास्त सोडलं तर हौदा आखूड होणार आणि रोपांच्या क्रेटची तिसरी रांग बसणार नाही, हे त्यांनी तिला तेव्हाच समजावून दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मागचं दार छाटून, घासून, काठीच्या खाचेवर उभं राहिलं आणि चारी बाजूंनी वेल्डिंग झालं. ठिणग्याने सांधा बोटाने चाचपला आणि काही बोलला नाही. तो बोलला नाही म्हणजे काम फार चांगलं झालं होतं.

"बसून बघतो," सुतारबुवा म्हणाले. त्यांनी पोतं काढून टाकलं, मान वाकवली आणि चालकाच्या जागेवर शिरले.

शिरले म्हणजे अर्धेच शिरले. दोन्ही गुडघे स्टिअरिंगच्या दोन बाजूंना वर आले, पाय क्लचवर ठेवायला जागाच उरली नाही. त्यांनी सीटखालचा दांडा ओढून सीट मागे रेटली. सीट चार बोटं सरकली आणि नव्या भिंतीवर आपटून थांबली.

त्यांनी दांडा पुन्हा ओढला, सीट हलेना.

"भिंत पुढे आली," सुतारबुवा शेवटी म्हणाले. "वीतभर पुढे आली. काठीवर लावली होतीस ना रे?"

भिंत पुढे आली नव्हती. सीट पुढे होती. आणि ती रोपवालीनेच पुढे ओढली होती.

गेले दोन महिने सुतारबुवा कारखान्यात गेले, की ठिणग्या यायचा, आणि घरामागच्या लांबलचक आवारात ती गाडी चालवायला शिकायची. पुढे जायचं, पार कुंपणापर्यंत, आणि मागे यायचं. रोज शिकून झालं की ती सीट आठवणीने मागे सारून ठेवायची. एकच दिवस राहून गेलं. फाटकात गिऱ्हाईक हाका मारत होतं म्हणून ती तशीच धावली, मग मातीत हात घातले आणि सगळं विसरली. आणि नेमकी त्याच संध्याकाळी त्यांनी काठी केली, आणि मग गाडी कामाला काढल्यामुळे सीट तशीच राहिली.

चोरून शिकायचं कारण तसं जुनं होतं. खूप वर्षांपूर्वी सुतारबुवांनी तिला एकदा शिकवायला घेतलं होतं, आणि तिने पहिल्याच वळणावर गाडी एका दिव्याच्या खांबाला नेऊन टेकवली. फार काही झालं नाही, खांबही शाबूत होता. पण तेव्हापासून घरी कुणी आलं, की चहाबरोबर तो खांब यायचा. "हिला झाडं कळतात, यंत्र नाही," असं म्हणून ते हसायचे, पाहुणे हसायचे आणि तीही हसायची. हसायची खरी, पण तिला ते लागायचं. त्यात आता धंदा वाढला होता. रोपं पोचवायची तर सुतारबुवांच्या सुट्टीची वाट बघायची, नाहीतर कुणाच्या तरी टेम्पोत उरलेल्या कोपऱ्याची. एका शाळेने दोनशे रोपं सांगितली होती. तीन आठवडे थांबून त्यांनी ती दुसरीकडून घेतली, आणि तिची दोनशे रोपं पिशव्यांतच मुळं वळवून बसली. त्या दिवशी तिने भावाला बोलावून घेतलं होतं.

"बोल की रे. काठीवर लावली होतीस ना?" सुतारबुवांनी पुन्हा विचारलं.

ठिणग्याने बहिणीकडे एकदा बघितलं आणि मग नजर जमिनीवर नेली.

"माझ्याच हातून सरकली असेल, भावोजी," तो म्हणाला. "उजेड डोळ्यावर येत होता."

"तीस वर्षं लोखंड जोडतोस आणि वीतभर सरकली?"

"होतं कधी कधी."

"कधी कधी बोटभर होतं. वीतभर होत नाही." सुतारबुवांना राग आवरेना. "माझी काठी चुकत नाही. धरणारा चुकतो."

ठिणग्या ऐकून घेत उभा राहिला. हाच माणूस एरवी आपल्या सांध्याला कुणी नुसतं नाक मुरडलं तरी आठवडाभर धुमसायचा. आता वर्षभर प्रत्येक चहाबरोबर खांबाच्या जोडीला ही भिंत येणार, आणि तो मूग गिळून बसणार, तिच्यासाठी. हे तिला सहन होण्यासारखं नव्हतं.

"अहो, भिंत बरोबर आहे," ती म्हणाली. "तुमची काठीही बरोबर आहे. सीट पुढे होती."

"पुढे कशी असेल? मी शेवटची चालवली तेव्हा..."

"मी घेतली होती पुढे. माझे पाय पोचत नाहीत म्हणून."

सुतारबुवा तसेच गुडघे वर करून बसले होते. त्यांनी तिच्याकडे बघितलं, मग ठिणग्याकडे, मग पुन्हा तिच्याकडे.

"किती दिवस?"

"दोन महिने."

"रिव्हर्स येते?"

"येते."

"कुंपणापर्यंत?"

"तिथून इथपर्यंत. सरळ. लायसनही काढलंय." ती थांबली, पण आता एवढं बोललीच आहे तर उरलेलं तरी कशाला ठेवायचं, असं तिला वाटलं. "रोपं माझी आहेत. ती मला स्वतः नेऊन द्यायची आहेत. कुणाला सुट्टी कधी आहे, ते विचारत बसायचं नाही."

सुतारबुवा गाडीतून उतरले. उतरताना डोकं चौकटीला आपटलं, तरी त्यांनी तिकडे हातही नेला नाही. ते नळावर गेले, हात धुतले, बराच वेळ धुतले आणि घरात गेले.

"रागावले," ठिणग्या म्हणाला.

"रागावले असते तर बोलले असते," ती म्हणाली. "त्यांना वाईट वाटलंय."

तिलाही वाईट वाटत होतं. शिकल्याचं नव्हे. सगळं आवार, सगळी झाडं आणि सख्खा भाऊ, यांना जे माहीत होतं ते एका घरात राहणाऱ्या माणसाला माहीत नव्हतं, त्याचं.

"रविवारी येतो," ठिणग्या म्हणाला. "कापून वीतभर मागे घेऊ. अर्ध्या दिवसाचं काम. तिसरी रांग जाईल, पण भावोजी बसतील तरी."

तिने मान डोलावली. तिसरी रांग गेली की काय काय जाणार, ते तिला दिसत होतं. गाडी त्यांच्या मापाची झाली, की चालवणारेही तेच, आणि ती पुन्हा शेजारी बसून त्यांच्या सुट्टीची वाट बघणार. पण गाडी दोघांची होती आणि आपल्यामुळे त्यांना गाडीत बसताही येत नव्हतं, म्हणून तिने रविवार ठरू दिला.

पुढचे तीन दिवस सुतारबुवा कारखान्यातून येऊन हौद्याच्या फळ्यांना लागायचे. मागचा फाळका, म्हणजे हौद्याचं खाली पडणारं दार, त्यांनी असा केला, की एका हाताने पडावा आणि एका हाताने लागावा. तिने चहा नेला की प्यायचे. जेवताना मीठ मागायचे. गाडीचा विषय निघाला, की फळ्यांबद्दल बोलायचे, भिंतीबद्दल नाही. एकदा त्यांनी तिला फाळक्याशी उभं केलं, तिच्या कोपरापर्यंत पट्टी धरली आणि काही न सांगता खाच पाडली. ती विचारणार होती, पण तेवढ्यात ते रंधा घेऊन वळलेसुद्धा.

रविवारी सकाळी ती रोपांना पाणी घालायला मागे गेली, तर आवारभर रंगाचा वास सुटलेला. सुतारबुवा गाडीच्या केबिनमध्ये उलटे, गुडघ्यांवर बसून, सीटमागच्या भिंतीचा शेवटचा कोपरा रंगवत होते. भिंत आतून-बाहेरून हिरवी झाली होती. काचेच्या कडेने त्यांनी कागद लावून घेतला होता, आणि रेघ अशी स्वच्छ, की दुकानातून आणलेली वाटावी.

तेवढ्यात फाटकातून ठिणग्या आला, हातात कटर आणि खांद्यावर वायरचं वेटोळं. भिंत बघून तो जागीच थांबला.

"भावोजी, हे काय? आता कापू कुठून?"

"कापायचं कुणी सांगितलं?" सुतारबुवा मागे न वळता म्हणाले. "एवढा चांगला सांधा. माझ्या दारांनासुद्धा असा नाही."

ठिणग्याने कटर खाली ठेवला. तो खुलला होता आणि ते लपवायला वायर गुंडाळत बसला, जी आधीच गुंडाळलेली होती.

सुतारबुवा बाहेर आले. दहाही बोटं हिरवी.

"डाळिंबाची रोपं कुठे द्यायची आहेत म्हणालीस?" त्यांनी तिला विचारलं.

"नदीपलीकडे. त्या नव्या दवाखान्याच्या बागेत."

"मग भर. किती क्रेट बसतात ते बघू."

तीन रांगा बसल्या, एक बोट इकडे नाही की तिकडे नाही. फाळका तिने एका हाताने लावला, टाचा न उचलता, आणि मग तिला त्या खाचेचा अर्थ कळला. तिने फाळका पुन्हा एकदा पाडला, पुन्हा लावला. मग पदराला हात पुसून चालकाच्या जागेवर बसली. पाय पोचत होते.

"मागच्या भिंतीला हात लावू नकोस, रंग ओला आहे," सुतारबुवा खिडकीशी येऊन म्हणाले.

"तुम्ही?"

"मी कुठे मावतोय त्यात?"

"ठिणग्याला घेऊ का बरोबर?"

"तुला हवा असेल तर घे."

तिने विचार केला. "नको," ती म्हणाली.

"मग तो थांबेल माझ्याबरोबर. आज रविवार, गिऱ्हाईकं येतील. पाणीही अर्ध्या झाडांचं राहिलंय ना?" त्यांनी कानामागची पेन्सिल काढली आणि फळीचा एक तुकडा उचलला. "कुणाला किती घालायचं, सांगून जा."

"लिंबांना सावकाश, मुळाशी. गुलाबांना पानांवर नाही घालायचं. कोपऱ्यातल्या कुंड्यांना आज बिलकूल नको, आणि कुणी मागितलं तरी पुढच्या ओळीतली रोपं द्यायची नाहीत, ती अजून..."

"थांब, थांब," सुतारबुवा म्हणाले. तुकडा त्यांनी गाडीच्या बॉनेटवर ठेवला होता आणि वाकून लिहीत होते. "लिंबांना सावकाश. पुढे?"

तिने सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, त्यांचं लिहून होईपर्यंत थांबली, आणि मग गाडी पहिल्या गिअरमध्ये घालून बाहेर काढली.