आठवा चंद्र

डोळ्यांच्या दवाखान्यातून ऑपरेशनची तारीख मिळाली, तेव्हा माझ्या सासऱ्यांनी, मामंजींनी, ती आधी पंचांगात बघायला लावली. बघितली अर्थात मीच. ते शेजारी बसून टेबलावर बोट वाजवत होते. पंचांगातली बारीक अक्षरं त्यांना दिसेनाशी होऊन वर्ष उलटलं होतं.

“चंद्र कुठल्या राशीत?”

“मिथुनेत, मामंजी.”

बोट थांबलं. “दिवसभर?”

“दिवसभर. वद्य अष्टमी आहे, नक्षत्र पुनर्वसू.”

“मग नाही. आठवा चंद्र येतो मला. कळव त्यांना, जमत नाही म्हणून.”

मामंजींची जन्मरास वृश्चिक. तिथून एक-दोन करत मोजत गेलं की मिथुन आठवी येते. चंद्र प्रत्येक राशीत जेमतेम सव्वादोन दिवस मुक्काम करतो आणि महिनाभरात बाराही राशी फिरून येतो. म्हणजे हा आठवा मुक्काम कुणालाच चुकत नाही. त्या दिवसांत नवं काम काढू नये, असं मानतात. मामंजी तर त्या दिवसांत दुरुस्तीला आलेलं घड्याळसुद्धा उघडत नसत. गिऱ्हाइकाला गोड बोलून परवा या म्हणत.

आमचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. घराच्या खालीच, दोन माणसं उभी राहिली की भरतं एवढं. मामंजी काचेच्या पेटीमागे बसतात, मी शेजारी. सेल बदलणं, पट्टे लावणं, काचा पुसणं हे माझं काम. पोटातलं काम त्यांचं. गेल्या काही महिन्यांत मात्र पोटातल्या कामाची घड्याळं खणात साठत चालली होती. डोळ्याला लावायचं भिंग त्यांनी दोनदा बदललं. पहिल्याला चरे पडले होते म्हणे, आणि दुसऱ्याबद्दल म्हणाले, “हल्ली काचच चांगली येत नाही.” त्याच आठवड्यात एका बाईंच्या छोट्या घड्याळातली केसासारखी कमान त्यांच्या चिमट्यात वाकडी झाली. बाई चांगल्या होत्या. घड्याळ रुमालात गुंडाळत एवढंच म्हणाल्या, “राहू द्या आजोबा, दुसरीकडे दाखवते.”

त्या दिवशी मामंजी जेवले नाहीत.

डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं होतं. मोतीबिंदू पिकून दगड व्हायला आला आहे. आता काढला तर नजर परत येईल. पण ते स्वतः पुढच्या महिन्यात लांबच्या रजेवर निघाले होते, आणि ते परत येईपर्यंत थांबलं तर पुढची हमी ते देणार नव्हते. हे सगळं मी मामंजींना जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “आठवा चंद्र आहे.”

रविवारी वन्सं आल्या. माझ्या या नणंदबाई गाडी चालवायला शिकवतात. दिवसभर शिकाऊ माणसांच्या शेजारी जीव मुठीत धरून बसायचं, त्यामुळे घरातही त्यांचं बोलणं त्याच सुरात.

“बाबा, मी तुम्हाला दिसते तरी का हो नीट? किती बोटं आहेत, सांगा बरं.”

“बोटं कशाला मोजू? आवाजावरून कळतं, कोण आलंय ते. चाळीतल्या सगळ्यांना कळतं.”

“आंधळे व्हाल आणि चंद्राला नावं ठेवाल!”

“चंद्राला मी कधी नावं ठेवली? त्यानं ठेवली तर ठेवू दे.”

तेवढ्यात हे पुढे सरसावले. ह्यांचा स्वभाव असा, की भांडण मिटवायला जातात आणि त्यात स्वतः अडकतात. दोन दिवस ते मोबाइलमध्ये डोकं घालून बसले होते, त्याचं कारण आत्ता कळलं.

“बाबा, पंचांग चुकलंय,” हे म्हणाले. “हे बघा. जगभर वापरतात हे. त्या दिवशी चंद्र मिथुनेत नाहीच, कर्केत आहे. तुम्हाला नववा. नववा चांगला ना?”

मामंजींनी मोबाइल हातातसुद्धा घेतला नाही. “किती अंश लिहिलेत?”

“सतरा.”

“त्यातून चोवीस वजा कर.”

हे बोटांवर मोजायला लागले. मामंजी हसायला लागले. कितीतरी दिवसांनी हसले.

“अरे, सात अंश कमी पडतात, म्हणजे तो मागे मिथुनेतच येतो. ते सायन आहे. आपलं निरयन. चंद्र आकाशात एकाच जागी असतो. फक्त मोजायला सुरुवात कुठून करायची, एवढाच वाद. ते ऋतूंच्या बिंदूपासून मोजतात, आणि तो बिंदू हळूहळू मागे सरकत राहतो. आपण ताऱ्यांपासून मोजतो. घड्याळाचा काटा तिथेच ठेवून नुसती तबकडी फिरवली, तर आकडा बदलेल की नाही? वेळ बदलेल का?”

“पण कर्क म्हणजे...”

“थांब. तुझीच तबकडी वापरू. चंद्र कर्केत म्हणालास ना? मग माझी जन्मरासही त्याच तबकडीवर घे. मी वृश्चिकेचा राहतच नाही, धनूचा होतो. आता धनूपासून कर्क मोज.”

ह्यांनी मोजलं. मध्येच थांबले. पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

“कितवी?” वन्संनी विचारलं.

“आठवी,” हे पुटपुटले.

“देवा!” वन्संनी कपाळावर हात मारला. “दादा, तू त्यांच्या बाजूनं आहेस की आपल्या?”

हसून हसून सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मामंजींच्याही. पण हसू ओसरलं तेव्हा तारीख जिथल्या तिथे होती, आणि मामंजींचा नकारही. वन्सं जाताना दारात मला म्हणाल्या, “वहिनी, तुझं ऐकतात ते. तू काहीतरी कर. हवं तर थाप मार एखादी.”

“थाप नाही मारता येणार, वन्सं.”

“हो, तुझं ते व्रत!” त्या चपला घालत म्हणाल्या. “तुझा देव तुझ्यासारखाच हट्टी असणार.”

माझी व्रतं साधी आहेत. सकाळी दिवा लावल्याशिवाय तोंडात पाणी घ्यायचं नाही. खोटं बोलायचं नाही, कठोर बोलायचं नाही. आणि संध्याकाळी चंद्राला हात जोडल्याशिवाय जेवायचं नाही. शेवटचं मी या घरात आल्यावर घेतलं, मामंजींचं बघून. ते रोज गच्चीवर जाऊन चंद्र कुठवर आला, कुठल्या ताऱ्याशेजारी आहे, हे बघत. कला किती वाढली, किती उतरली, हे दुकानातल्या घड्याळांना किल्ली देण्याइतक्या नेमानं. चंद्र उशिरा उगवायच्या दिवसांत ते मला नुसतं सांगत, “आज रोहिणीत आहे, या अंगाला येईल,” आणि मी त्या दिशेला हात जोडून खाली येई. मला ताऱ्यांतलं फारसं कळत नाही. पण दिवसभराच्या कामानंतर आपल्यापेक्षा नेमानं चालणारं कुणीतरी वर आहे, हे बघून मन निवतं.

पौर्णिमेला आम्ही नेहमीप्रमाणे गच्चीवर गेलो. मामंजी कठड्याला हात लावत लावत पुढे झाले. दोऱ्यांवरचे कपडे मी बाजूला सारले. सूर्य नुकताच बुडाला होता, आकाशात राखाडी उजेड होता. शाळेच्या मैदानावर नवे खांब उभे केले होते, आणि त्यातल्या एकावरचा मोठा पिवळा दिवा त्याच आठवड्यात सुरू झाला होता.

मामंजींनी त्या दिव्याकडे तोंड केलं. डोळे मिटले. हात जोडले.

मला वाटलं, आत्ता वळतील. वळले नाहीत.

“आज जरा उजवीकडे सरकून उगवलाय,” ते कौतुकानं म्हणाले. “चंद्राला शर असतो, सूनबाई. तो सूर्याच्या वाटेवरून अगदी नाकासमोर चालत नाही. थोडा वर, थोडा खाली जातो. उत्तराभाद्रपदेत आहे आज. पूर्ण बिंब. किती शांत दिसतोय बघ.”

डाव्या हाताला, पाण्याच्या टाकीमागून, चंद्र वर येत होता. नारिंगी, भलामोठा, एका कडेला टाकीनं झाकलेला.

काय करू मी? गप्प बसले असते तरी व्रत मोडलं नसतं. गप्प बसणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे. शिवाय आयुष्यभर चंद्राचा माग ठेवलेल्या माणसाला हे सांगणं कठोर बोलण्यातच मोडलं असतं. मी मनातल्या मनात देवाला विचारलं. तेवढ्यात मामंजींनी पुन्हा हात जोडले, आणि ते मला बघवेना.

“मामंजी,” मी म्हणाले, “तो मैदानावरचा दिवा आहे.”

ते हलले नाहीत. जोडलेले हात तसेच राहिले.

“चंद्र डावीकडे आहे. टाकीजवळ.”

“दाखव.”

मी त्यांचे खांदे धरून त्यांना वळवलं. ते बघत राहिले. मग उजवीकडे बघितलं, पुन्हा डावीकडे.

“दोन्ही सारखेच दिसतात गं,” ते हळूच म्हणाले. “धुरातून कंदील दिसावा तसे.”

टाकीशेजारी एक पालथी बादली होती. तिच्यावर ते बसले. मी जमिनीवर बसले. चंद्र टाकीच्या आडून पूर्ण बाहेर आला.

“मला त्या टेबलाची भीती वाटते,” मामंजी शेवटी म्हणाले. “डोळा उघडा ठेवायचा आणि कुणीतरी त्यात हत्यार घालणार. मी जन्मभर घड्याळांच्या पोटात चिमटे घातले. घड्याळाला काय वाटतं, ते कधी विचारलं नाही. आता कळतंय.”

मला हसूही आलं आणि रडूही. मी त्यांच्या पायांना हात लावला.

“आणि आठवा चंद्र?”

त्यांनी मान खाली घातली. “पंचांगात त्या दिवशी पक्ष कुठला वाचलास?”

“कृष्ण. वद्य अष्टमी.”

“शुक्ल पक्षात चंद्र वाढता असतो, तेव्हा त्याचं बळ बघायचं. राशीवरून. कृष्ण पक्षात तो उतरणीला लागतो. तेव्हा ताऱ्याचं बळ बघायचं, नक्षत्रावरून. माझं जन्मनक्षत्र अनुराधा. तिथून पुनर्वसूपर्यंत मोज.”

मी बोटांच्या पेरांवर मोजायला लागले. अनुराधा, ज्येष्ठा, मूळ... मध्ये शततारका विसरले, तर त्यांनी न चिडता आठवण करून दिली. पुनर्वसू अठरावं आलं.

“नवानवाचे गट केले की ते नववं. नवव्या ताऱ्याचं नाव काय, माहीत आहे? परममित्र.” ते थोडे थांबले. “मित्राच्याही पुढचा.”

“म्हणजे दिवस चांगला आहे?”

“चांगला आहे.”

“आणि तुम्हाला हे...”

“तू तिथी आणि नक्षत्र वाचलंस तेव्हाच कळलं होतं. अर्धाच हिशेब सांगितला मी घरात. चंद्राच्या मागे लपलो. तो बिचारा काय बोलणार?”

खालून ह्यांनी हाक मारली, जेवायला या म्हणून. मामंजी माझ्या खांद्याचा आधार घेऊन उठले.

“भीतीचं खाली बोलू नकोस.”

“मी आपणहून नाही बोलणार. पण कुणी विचारलं तर खोटं सांगणार नाही.”

“तुझ्या व्रतानं एक दिवस माझा जीव जाईल,” ते म्हणाले. पण जिना उतरताना त्यांचा आवाज हलका झाला होता. ताटावर बसल्या बसल्या त्यांनीच ह्यांना सांगितलं, “अरे, त्या दिवशी सुट्टी टाक. दवाखान्यात जायचंय. मोबाइल घरी ठेव.”

अष्टमीला सकाळी त्यांना आत नेलं. चाकाच्या खुर्चीवर बसवताना त्यांनी माझा हात इतका घट्ट धरला, की बांगडी रुतली. परिचारिकेनं विचारलं, “आजोबा, घाबरलात का?” मामंजींनी माझ्याकडे एक नजर टाकली आणि म्हणाले, “हो. खूप.” ती म्हणाली, “सगळेच घाबरतात. जे नाही म्हणतात, त्यांचंच ब्लडप्रेशर वर जातं.” त्यावर ते हसले, आणि हसता हसताच दार बंद झालं. मी बाहेरच्या बाकावर नाव घेत बसले. ह्यांनी तिथल्या सगळ्या पाट्या दोनदोनदा वाचून काढल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढली. डॉक्टरांनी समोरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचायला लावली. मामंजींनी शेवटून दुसरी ओळ सावकाश वाचली. मग तक्ता सोडून ते पश्चिमेच्या खिडकीकडे बघायला लागले. डॉक्टरांना वाटलं, उजेडाचा त्रास होतोय. ते पडदा ओढायला उठले.

“नको,” मामंजी म्हणाले. “राहू दे.”

निळ्या आकाशात, समोरच्या इमारतीच्या बऱ्याच वर, दिवसाचा चंद्र होता. अर्ध्याला थोडा कमी, ताकासारखा फिका. इतका फिका, की सहज बघून मला सापडलाच नसता.

“डावीकडची कड किती साफ आहे,” ते म्हणाले. “पुष्यात आला असेल आता.”

आम्ही दोघांनी तिथेच हात जोडले. डॉक्टरही खिडकीतून वाकून बघायला लागले, हे दोघं कशाला नमस्कार करताहेत म्हणून.

खाली आल्यावर औषधांची खिडकी वेगळी आणि पुढच्या तारखांची वेगळी. हे औषधांच्या रांगेत उभे राहिले. मामंजी काळा चष्मा लावून थेट तारखांच्या खिडकीशी गेले. मी मागून धावले. दुसऱ्या डोळ्याचं अजून कुणी बोललंही नव्हतं.

“दुसरा डोळा करायचाय,” त्यांनी तिथल्या मुलीला सांगितलं. “डॉक्टर रजेवर जायच्या आत.”

मुलीनं संगणकात बघितलं. “एकच जागा शिल्लक आहे, आजोबा. चालेल का ते आधी घरी विचारून घ्या. नंतर बदलता येणार नाही.”

माझा हात सवयीनं पिशवीतल्या पंचांगाकडे गेला. मामंजींनी पिशवीवर हात ठेवला.

“तारीख तुम्ही लिहा,” ते मुलीला म्हणाले. “तारा मी शोधतो.”

“कसला तारा?”

“ते आमचं घरचं काम आहे, बाळ. तू लिही.”