नऊ इंची पाइप आणि घरपट्टी

गारखेड्यातल्या विठाई कॉलनीत, तिसऱ्या गल्लीत, बद्रीनाथ ठुबे यांच्या दारातलं ड्रेनेजचं चेंबर दिवसाआड भरून वाहायचं. बद्रीनाथ वैजापूरच्या मार्केट यार्डात तीस वर्षं मापाडी होते. कमी-जास्त झालेलं त्यांना खपत नसे. वॉर्ड ऑफिसात त्यांनी वर्षभरात सतरा अर्ज दिले होते. अठराव्या अर्जात त्यांनी जरा जोर लावला. ‘माझ्या घरी तीन मजले मिळून चौदा माणसं राहतात, पाच संडास आहेत, आणि गल्लीचा पाइप सहा इंची. तरी नऊ इंची पाइप टाकून मिळावा.’

चौथ्या दिवशी वॉर्ड ऑफिसातल्या करविभागाच्या करुणा सोनकांबळे स्वतः दारात आल्या. बद्रीनाथांना बरं वाटलं. त्यांनी खुर्ची पुढं केली.

“काका, अर्ज चांगला लिहिलाय,” करुणा म्हणाल्या. “पण आमच्याकडं तुमचं घर एकमजली आहे. तीन खोल्या, एक संडास. घरपट्टी चार हजार दोनशे.”

बद्रीनाथांनी वर पाहिलं. दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत स्पर्धा परीक्षेची पोरं टॉवेल वाळत घालत होती. त्यांनी खाली बघून आदबीनं नमस्कार केला.

“पाहुणे हायेत,” बद्रीनाथ म्हणाले.

“किती दिवस?”

“पास होईपर्यंत.”

“मग मुक्काम मोठा दिसतोय.” करुणा हसल्या नाहीत. त्यांनी फाईल उघडली. “हे बघा काका. तुमच्या गल्लीत बावीस घरं. कागदावर सगळी एकमजली, म्हणजे संडास बावीस. तेवढ्याला सहा इंच पुरून उरतो, असं इंजिनिअर साहेब लिहून देतात. साठ तरी दिसले, तर नऊ इंची मंजूर होईल.”

“म्हणजे संडास कागदावर आले की पाइप येणार?”

“पाइप पण येईल आणि घरपट्टी पण.”

रविवारी बद्रीनाथांच्या पोर्चमध्ये गल्लीची मीटिंग झाली. नऊ इंची पाइप पाहिजे, यावर दोन मिनिटांत एकमत झालं. मजले कुणी दाखवायचे, यावर दीड तास गेला. शेजारच्या राजेंद्र वाकळ्यांचं घर खालपासून वरपर्यंत ग्रॅनाइटचं होतं. ते म्हणाले, “सगळ्यांनी दाखवायची गरज नाय. समोरच्या लायनीनं दाखवलं तरी साठ भरतेत.”

समोरच्या लायनीचं गणित नेमकं उलटं होतं.

गल्लीच्या शेवटी, उताराला, केसरबाई एकट्या राहायच्या. “माझं खरंच एकमजली हाय,” त्या म्हणाल्या. “मी घरपट्टी पुरी भरते. मी काय दाखवू? तुम्ही वर जे सोडता, ते माझ्या मोरीत निघतं. दोन वरसं झाली, लेकीला माहेराला ये म्हणले नाय मी.”

राजेंद्रनी चहा संपवला आणि मीटिंग पुढच्या रविवारवर गेली.

चहाचे कप उचलणाऱ्या आशाबाईंनी, म्हणजे बद्रीनाथांच्या बायकोनं, पुढच्या रविवारची वाट पाहिली नाही. सोमवारी सकाळी त्या केसरबाईंना रिक्षात घालून वॉर्ड ऑफिसात गेल्या आणि करुणाताईंसमोर फॉर्म भरून आल्या. तीन मजले, पाच संडास, भाडेकरू दहा. घरपट्टी तेरा हजार सहाशेवर गेली, मागचा फरक हप्त्यानं.

बद्रीनाथांना हे दुपारी जेवताना कळलं.

“माझे मजले तू कुणाला इचारून सांगितले?”

“घर माझ्या नावावर हाय,” आशाबाई वरण वाढत म्हणाल्या. “बाईच्या नावानं स्टँप कमी लागतो म्हणून तुम्हीच केलं. मला कुठं इचारलं होतं?”

बद्रीनाथ दोन दिवस रुसून पोर्चमध्येच बसले. पण तिसऱ्या दिवशी त्यांच्या ध्यानात आलं की आपल्या एकट्याचे मजले दिसले आणि साठ भरले नाहीत, तर पैसेही जाणार आणि पाइपही येणार नाही. हे काही त्यांना सहन होईना. ते चप्पल घालून निघाले.

मापाड्याच्या नजरेला काही लपत नाही. मागच्या भिंतीवरून उतरणारे पाइप मोजले की संडास कळतात, हे त्यांनी पहिल्याच घरात सिद्ध केलं. “मी तेरा हजार भरणार अन् तुम्ही चार? मग संडासाचं पाणी बी तेवढंच सोडा.” लोक चिडले, दारं लावून बसले, मग शेजाऱ्यानं भरलं म्हटल्यावर एकेक जण फॉर्म मागायला लागला. महिन्याभरात आकडा सत्तावन्नवर येऊन थांबला. राजेंद्र वाकळे तेवढे उरले.

“पहिला मजला दाखवतो,” राजेंद्र म्हणाले. “वर नुसतं देवघर हाय.”

“देवघराला गीझर कशाला?”

राजेंद्रनी वर गीझरच्या पाइपाकडं पाहिलं. “थंडीत पाणी लई गार असतं,” ते म्हणाले आणि त्यांनी चारही संडास लिहून दिले.

पाइप मंजूर झाला. रस्ता उकरला गेला, गल्ली सव्वा महिना धुळीत होती. बद्रीनाथ खुर्ची टाकून खड्ड्याच्या काठावर बसायचे आणि उतरणाऱ्या प्रत्येक पाइपाला टेप लावायचे. ठेकेदाराचा मुकादम वैतागून म्हणाला, “काका, तुम्हाला काय काम नाही का?” बद्रीनाथ म्हणाले, “हेच काम हाय. नवीन लागलोय.”

लाइन सुरू झाली त्या दिवशी आख्खी गल्ली केसरबाईंच्या मोरीपाशी जमली. करुणाताईही आल्या होत्या. वरच्या घरांत मागं ठेवलेल्या पोरांनी एकदम फ्लशच्या टाक्या सोडल्या. केसरबाईंनी वाकून पाहिलं, भरलेली बादली मोरीत ओतली आणि पदर सावरून मागं सरकल्या. पाणी गोल फिरलं आणि गेलं. सगळे जाळीकडं बघत उभे राहिले. काही परत आलं नाही.

“अजून एक वता,” बद्रीनाथ म्हणाले.

केसरबाईंनी बादली खाली ठेवली. “तुम्हीच वता,” त्या म्हणाल्या. “मी लेकीला फोन लावते.”