अर्जुनरावांची कमान

माझ्या सासऱ्यांना, मोहनरावांना, सगळी माणसं आबा म्हणतात आणि त्यांचं ऐकतात. आबा मात्र कुणाचंच ऐकत नाहीत, आणि इंजिनिअर सुनेचं तर मुळीच नाही.

बीडच्या पेठेत आमची निजामाच्या काळातली दुमजली इमारत आहे. भिंती विटा-चुन्याच्या, त्यात लोखंडाचा तुकडा नाही. माडी सागवानी तुळया आणि फळ्यांची. तिथं मी मुलींची अभ्यासिका चालवते. भूकंपात अशा भिंती तुळयांपासून सुटून बाहेर कलतात, म्हणून तुळया आणि भिंती लोखंडी पट्ट्यांनी एकमेकींना बांधून घेऊ, असं मी आबांना सांगितलं. ते लगेच हो म्हणाले. पट्ट्या रस्त्यावरून कुणाला दिसणार नव्हत्या, तेव्हा त्यांचं काय जात होतं!

अडलं ते कमानीवर. गच्चीच्या कठड्यावर, रस्त्याच्या बाजूला, आबांच्या वडिलांनी विटांची कमान उभारून तिच्यावर चुन्यात स्वतःचं नाव काढून घेतलं होतं: अर्जुनराव. तिला मागून कसलाच आधार नाही. हादरा बसला की सगळ्यात आधी ती खाली येणार, आणि खाली आमचं दार. ती उतरवून घेऊ, असं मी म्हटलं.

"सायली, नावाला हात लावायचा न्हाई," आबा म्हणाले. "किल्लारीच्या टायमाला बी जागची हलली न्हाई ती."

"आबा, किल्लारी हितून लई लांब हाय."

"मग पुढचा बी लांबच व्हईल की!"

मी सरळ भूकंपाचा सराव ठेवला आणि उद्घाटनाला आबांनाच बोलावलं. उद्घाटनाला नाही म्हणणं त्यांच्या रक्तातच नाही.

मुलींना शिकवून ठेवलं होतं. शिट्टी वाजली की टेबलाखाली जायचं, हादरे थांबेपर्यंत हलायचं नाही, मग बाहेर पडून इमारतीपासून लांब उभं राहायचं. मी गुलालाचं घमेलं घेऊन गच्चीवर गेले. विटा कुठं पडतील ते सगळ्यांना दिसावं, एवढाच बेत होता. गुलाल विकत आणावा लागला नाही. पुढाऱ्याच्या घरात एखाद वेळी साखर संपेल, गुलाल संपत नाही.

शिट्टी वाजवली, थोडं थांबले आणि कमानीच्या कडेनं घमेलं पालथं केलं.

मुली शहाण्यासारख्या टेबलांखालीच होत्या. पण आमच्याकडच्या मोठ्या माणसांच्या अंगात त्र्याण्णव सालापासून एकच गोष्ट मुरली आहे: जमीन हलली की बाहेर पळा. आबा खालच्या खोलीत पाहुण्यांच्या खुर्चीवर बसले होते, शेजारी माझी पहिलीतली संस्कृती. शिट्टी ऐकताच त्यांनी नातीला कडेवर घेतलं, बाहेर धूम ठोकली आणि मे महिन्याच्या उन्हात तेवढीच सावली दिसली म्हणून नेमके कमानीखाली उभे राहिले.

मी वाकून पाहिलं. आबांची टोपी, खांदे, कडक इस्त्रीचं धोतर, सगळं गुलाबी. मला हसू फुटलंच होतं, तेवढ्यात त्यांच्या कडेवरचं गुलाबी डोकं दिसलं. ते माझ्या लेकीचं होतं. घमेलं तिथंच टाकून मी जिन्यानं खाली धावले.

समोरच्या हॉटेलातला गहिनीनाथ चहाची गाळणी हातात तशीच घेऊन धावत आला. "अभिनंदन आबा! कशात निवडून आले?"

एरवी असल्या प्रश्नावर आबांनी छोटं भाषण केलं असतं. आता ते उपरण्याच्या टोकानं नातीच्या पापण्या पुसत होते. त्यांनी एकदा वर पाहिलं.

"न्हाई रे. वाचलो," ते म्हणाले.

मग माझ्याकडं वळले. "सायली, गवंड्याला आजच बोलीव. माझा बाप माझ्या पोरीच्या अंगावर पडायला नको."