राहिलेली हाळी

आमच्या ह्यांना राग येत नाही. लग्न झालं तेव्हा वाटलं, शांत नवरा मिळाला, नशीब काढलंस सुंदरे. पुढं कळलं की दोघांच्या वाटचा राग आता मलाच करावा लागणार. तो मी आजवर मन लावून करत आले आहे.

हे म्हणजे रामजी, महाडच्या सरकारी कचेरीत कारकून. मी तिथल्याच शाळेत मास्तरीण. ह्यांच्या चुलतभावाने मुंबईच्या गोदीतून एक जुना जपानी कॅमेरा आणून दिला आणि तेव्हापासून आमचे रविवार गेले ते गेलेच. कधी पाचाडच्या वाड्याच्या भिंती, कधी पाल्याची लेणी, कधी सावित्रीच्या वाळूवर पसरलेल्या मगरी. लोक पुलावरून वाकून मगर बघतात आणि घरी जातात. हे पालथे पडून, तिने डोळा उघडेपर्यंत वाट बघायचे. घरी यायचे ते सदऱ्याला चिखल, ढोपरं सोललेली आणि चेहऱ्यावर असं हसू, की तोंडाशी आलेलं बोलणं गिळून मला चहा टाकावा लागे. रोल जपून वापरायचे. दिवसभर रानात बसून एखाददुसरा फोटो काढायचे, बाकी वेळ नुसतं बघत राहायचे.

माझं माहेर पोलादपूरच्या पुढं, डोंगराच्या पोटात. खाली आमची बौद्धांची वस्ती, वर कुणब्यांची वाडी आणि वाडीच्या मागं रान. त्या वर्षी दिवाळीला आम्ही माहेरी गेलो, तेव्हा हे शेकरूचा फोटो काढायचा म्हणून रानात जाऊन बसले. तिथं एक पडकं देऊळ आहे. छप्पर कधीच गेलंय, चौथरा तेवढा राहिलाय. शेकरू काही आलं नाही. आला तो बिबट्या, वाडीतल्या चंद्रभागा वहिनीची कालवड मानेला धरून ओढत. चौथऱ्यावर चढला, दम खायला थांबला आणि त्याने मान वर करून सरळ ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी एकदाच बटण दाबलं. मग कॅमेरा टाकला आणि जीव खाऊन हाळी घातली.

आमच्याकडे तशी रीतच आहे. वाघ दिसला की हाळी घालायची, आणि बिबट्यालाही आम्ही वाघच म्हणतो. एकाने घातली की वाडी ती उचलते, वाडीची पलीकडच्या डोंगरावरची वाडी उचलते, आणि बघता बघता खोऱ्यातली सगळी गुरं घराकडे वळतात. वाघ बघूनही जो गप्प बसला, त्याला वाडीत पाणी मिळत नाही. जिथं वाघ दिसला तिथं दिवसाउजेडी उभं राहून त्याने राहिलेली हाळी घालायची, आणि पलीकडच्या वाडीने ओ दिली की मगच त्याचं पाणी मोकळं. ह्यांना हे मीच कधीतरी सांगितलं होतं. हाळी ऐकून माणसं काठ्या घेऊन धावली, बिबट्या कालवड टाकून पळाला. कालवड जगली, मानेवर वण राहिला एवढंच. चंद्रभागा वहिनी भर रानात ह्यांच्या पाया पडायला निघाली, तेव्हा हे बिबट्याला घाबरले नसतील एवढे घाबरले.

महाडला आल्यावर रोल धुवायला रावजीशेठकडे दिला. बाजारपेठेत त्याचा स्टुडिओ आहे. मागं पडद्यावर रंगवलेलं तळं, तळ्यात हंस, आणि पुढं लोखंडी खुर्चीत अवघडून बसलेली नवी जोडपी. हे भाबडे त्याला सगळी हकिकत सांगून आले, कालवडीसकट. चार दिवसांनी शेठ म्हणाला, कॅमेरा पडला तेव्हा आत उजेड शिरला, सगळा रोल वाया गेला. हे त्या दिवशी जेवले नाहीत. पण शेठवर संशय घेणं ह्यांच्या मनातही आलं नाही. उजेडाला कोण काय करणार, म्हणाले.

शिमग्याच्या सुमाराला तो फोटो मुंबईच्या एका साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर आला. तोच चौथरा, तीच कालवड, आणि ह्यांच्याकडे बघणारे ते दोन डोळे. खाली नाव रावजीशेठचं. बक्षीसही लागलं होतं. शेठने तो फोटो चांगला हातभर मोठा करून दुकानाच्या दर्शनी काचेत लावला आणि खाली तांबड्या रंगात आपलं नाव रंगवून घेतलं.

हे विचारायला गेले, मी बरोबर होते. दुकानात गिऱ्हाइकं होती. हे इतकं हळू बोलले की मलाच ऐकायला कान द्यावा लागला. खाली नाव माझं हवं होतं शेठ, एवढंच म्हणाले. शेठने आधी गिऱ्हाइकांकडे पाहिलं, मग ह्यांच्याकडे.

"नोकरी राखीव मिळाली, रामजी. आता फोटोलासुद्धा राखीव जागा पाहिजे काय?"

दुकान हसलं. हे पायरी उतरले. रस्त्याने मला म्हणाले, जाऊ दे. मी काहीही जाऊ देणार नव्हते. मला त्याचं बक्षीस नको होतं आणि दुकानही नको होतं. त्याच काचेत, त्याच तांबड्या रंगात, त्याच्याच हातून माझ्या नवऱ्याचं नाव लिहिलेलं मला बघायचं होतं. रात्री अंथरुणावर पडले की मला ती अक्षरं दिसायची आणि दातावर दात घट्ट बसायचे.

संधी चालत आली. वाडीतला महिपततात्या आणि चंद्रभागा वहिनी लग्नाचा बाजार करायला महाडला आली. तात्या वाडीतला जाणता माणूस, त्याच्या शब्दाबाहेर तिथं पान हलत नाही. मी त्यांना घरी नेलं, चहा पाजला आणि एस. टी. स्टँडवर सोडायला निघाले ती मुद्दाम शेठच्या दुकानावरून. चंद्रभागा वहिनी काचेपुढं उभीच राहिली. आपली कालवड कुणाला ओळखायला येणार नाही? मी एवढंच म्हटलं, शेठ म्हणतात हा फोटो त्यांनी काढलाय, त्यांनाच विचारा.

शेठला काय, ऐकायला माणसं मिळाली. ह्यांच्याकडून ऐकलेली हकिकत त्याने आपल्या नावावर फिरवून रंगवून सांगितली. आपण झाडाआड कसे बसलो, वाघ कसा समोर आला, आपली छाती कशी हलली नाही. तात्या शांतपणे ऐकत होता. तात्या काही खुळा नव्हता. त्या दिवशी हाळी कुणी घातली हे त्याने स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं.

"म्हंजे शेठ, तुमी थितं व्हतात," तात्या म्हणाला.

"होतो म्हणजे? माझ्याशिवाय कोण होतं?"

"आनि वाघ कालवड नेत व्हता तवा तुमी वरडला नाय?"

"ओरडलो असतो तर हा फोटो मिळाला असता काय?" असं म्हणून शेठ मोठ्याने हसला.

चंद्रभागा वहिनीने त्याला एक शब्द ऐकवला, तो मी इथं लिहीत नाही. तात्याने तिला गप्प केलं. शेठ म्हणतात ते होते, तर होते, असं म्हणून त्याने पिशव्या उचलल्या. माझ्याकडे बघितलंही नाही, पण त्याच्या मिश्या हलल्या ते मला दिसलं.

पुढचं माझ्या हाताबाहेर, आणि माझ्या मनासारखं झालं. वाडीने शेठचं पाणी बंद केलं. वाडीचं ऐकून पलीकडच्या वाडीने, तिचं ऐकून तिच्या सोयऱ्यांनी. पाणी बंद झालेल्या माणसासमोर नव्या नवरीला कोण बसवणार? भर लगीनसराईत शेठच्या तळ्यातले हंस एकटे पडले. मुंबईहून सुट्टीवर आलेले चाकरमानी दरवर्षी बायकापोरांसकट त्याच्याकडे फोटो काढायचे, तेसुद्धा 'लफडा नको' म्हणून दुकान टाळून जाऊ लागले. मी रोज शाळेतून येताना मुद्दाम त्या बाजूने यायचे आणि रिकामी खुर्ची बघून मला भूक चांगली लागायची.

वैशाखात शेठ वाडीत आला. आम्ही माहेरीच होतो. असा दिवस मी चुकवीन होय? तात्याने सगळ्यांसमोर त्याला दोन वाटा सांगितल्या. फोटो माझा नाही, मी तिथं नव्हतो असं म्हणा आणि आत्ता पाणी घ्या. नाहीतर देवळापाशी जाऊन राहिलेली हाळी घाला. शेठला नाव सोडवेना. बक्षीस घेताना मुंबईत टाळ्या वाजल्या होत्या, त्या परत कशा देणार? डोक्याला रुमाल बांधून तो वर चढला.

दुपारभर त्याची हाळी आम्हाला खाली ऐकू येत होती. पडद्यासमोर 'हसा जरा' म्हणणारा तो आवाज, दरी काय ओलांडणार? पलीकडची वाडी गप्प. गप्प राहा म्हणून मी त्यांना निरोप धाडला नव्हता. सुचलं असतं तर धाडला असता. हळूहळू हाळीचं खरखरणं झालं, मग तेही थांबलं. उन्हं कलली तेव्हा शेठ वाडीतल्या दारादारांवरून खाली उतरताना दिसला. प्रत्येक दारात थांबत होता आणि प्रत्येक दार लागत होतं. शेवटी आमच्या वस्तीत आला. वाडीचा पाण्याचा नेम आमच्या वस्तीला लागू नव्हता. पाण्याचे नेम आजवर आमच्यावरच लागले होते.

आईच्या ओट्यापुढं तो उभा राहिला. ओठ पांढरे पडले होते. हे ओट्यावर बसले होते, पण त्याने पाणी मागितलं ते माझ्याकडे. मागं तात्या आणि वाडीतली दोघं-चौघं येऊन थांबली.

"फोटो कुणाचा?" मी विचारलं.

त्याने ओठ हलवले. रामजीचा, असं म्हणाला असेल, पण घशातून आवाजच येईना. मी आतून तांब्या भरून आणला. त्याने हात पुढं केला.

"ओंजळ धरा," मी म्हटलं.

तो बघत राहिला. मग खाली वाकला, ओंजळ तोंडाशी नेली आणि मी ओट्यावरून, अगदी उंचावरून, धार सोडली. माझ्या आजीला वाडीत असंच पाणी मिळायचं. अर्धं बोटांतून मातीत जायचं. शेठचंही गेलं. वाडीतली माणसं खाली बघू लागली. मला सांगायला लाज नाही, इतकं गोड मला आयुष्यात काही लागलं नव्हतं.

मागून कुणीतरी माझा दंड धरला. माझी आई, चंपाबाई. तिने माझ्या हातातला तांब्या काढून घेतला, ओट्यावरून खाली उतरली आणि तो शेठच्या दोन्ही हातांत दिला.

"आपल्या घरात असं पानी देत नाय गो कुनाला," ती मला म्हणाली. "मी पियालेय तसं. मला ठाव हाय."

शेठ तांब्याला तोंड लावून घटाघटा प्याला. प्याल्यावर तसाच मातीत बसला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, घामाचं की कसलं, मी काही विचारलं नाही. आवाज फुटला तसा तो ह्यांच्याकडे वळला. "रामजी, माझं चुकलं," म्हणाला. "उद्याच दुकान उघडून पहिल्यांदा नाव बदलतो. तुमचं घालतो. सगळ्यांसमोर सांगतो."

झालं. मला हवं होतं ते एवढंच, आणि ते पदरात पडत होतं.

महिपततात्या पुढं आला. "तसं आसंल तर मिटलं. पन आमाला फोटोवाल्याच्या तोंडून ऐकू दे. रामजी, तूच सांग. फोटो कुनाचा?"

हे ओट्यावरून उठले. शेठकडे पाहिलं. मातीत पाण्याचा ओला डाग होता, त्याच्याकडेही पाहिलं. मग कचेरीत सायबाला सांगावं तशा स्वच्छ, मोठ्या आवाजात म्हणाले,

"फोटो शेठचा आहे, तात्या. माझा नाही."

मला वाटलं, ऐकण्यात माझी चूक झाली. शेठचं तोंड उघडंच राहिलं. तो 'नाही, नाही' म्हणत उठला, ह्यांचा हात धरायला आला. ह्यांनी हात मागं घेतला.

"नाव तुमचंच राहू द्या शेठ, कायमचं," हे म्हणाले. "हाळी मात्र राहिलीय तुमची. वर जा."

मी ह्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. नाव होईल असा आयुष्यातला तो एकच फोटो ह्यांनी तिथं ओट्यासमोर सोडून दिला होता, आणि चेहऱ्यावर कसली हळहळ नव्हती. मगरीपाशी पालथे पडायचे तेव्हा असेच दिसायचे. मला पहिल्यांदाच त्या माणसाची भीती वाटली.

तात्याने क्षणभर मान खाली घातली. मग बाजूला होऊन त्याने शेठला वाट करून दिली. आता कोण काय करणार, फोटोवाल्यानेच सांगितलं होतं. शेठ एकदा माझ्याकडे, एकदा डोंगराकडे बघून वळला आणि पाय ओढत चढण चढू लागला.

आईने तांब्या पुन्हा काठोकाठ भरला, डोक्यावर पदर घेतला आणि त्याच्या मागोमाग निघाली.