स्टोव्ह, हीटर आणि मास्तरांची आंघोळ

“मनवा, ह्यांच्याशी भांड, रुसून बस, काय वाटेल ते कर, पण पैज लावू नकोस. हा माणूस हरत नाही, आजारी पडतो.”

सासूबाईंनी मेथी निवडता निवडता हे सांगितलं, तेव्हा मनवानं मनातल्या मनात हसून घेतलं. फिजिक्स घेऊन बीएस्सी झालेल्या मुलीला पाणी तापवण्याच्या गणिताची भीती ती काय!

भीती होती ती स्टोव्हची. तिचा पार्थ नुकताच रांगायला लागला होता, आणि बेलापुरातल्या त्यांच्या घरात न्हाणीघराच्या दाराशीच रॉकेलचा वातीचा स्टोव्ह पेटलेला असायचा. वर पातेलं, खाली निळी ज्योत, आणि पोराला निळ्या रंगाचं भारी वेड. मनवाला गीझर हवा होता. सासऱ्यांना, म्हणजे निवृत्त शामकांत मास्तरांना, तो नको होता.

“वीज पैसे खाते. रॉकेल बिचारं गरिबाचं.”

“बाबा, गरिबाला ते आता मिळतच नाही. तुम्ही श्रीरामपूरहून चढ्या भावानं आणता.”

“माळ्यावर रेशनचा जुना कॅन आहे. ज्या भावानं घेतला तोच भाव धरायचा.”

“मग विजेचाही तुमच्या लग्नातला भाव धरू.”

“आमच्या लग्नात वीज नव्हतीच,” आतून सासूबाई म्हणाल्या, “ऐन मंगलाष्टकात गेली होती.”

मनवाचा नवरा केदार पेपरात तोंड खुपसून बसला. दोन्हीकडून मार खाण्यापेक्षा बातम्या बऱ्या.

पैज ठरली. एक आठवडा हीटरची कांडी, एक आठवडा स्टोव्ह. दोन्हीला आजचा भाव. ज्याचा खर्च जास्त, त्यानं पुन्हा तोंड उघडायचं नाही.

विजेच्या आठवड्यात मास्तर रोज मीटरपुढे उभे, कॉपी पकडायला उभं राहावं तसे. फ्रीज बंद, टीव्ही बंद. मनवा बादलीत कांडी सोडून न्हाणीघराला बाहेरून कडी घालायची आणि तरीही पार्थला कडेवर घेऊन दारातच पहारा द्यायची.

मग स्टोव्हचा आठवडा आला. मास्तर पहाटेच वात वर करून बसायचे. शेजारच्या राहीबाई कुंपणावरून ओरडल्या, “मास्तर, आंघुळ करताय का गूळ शिजवताय? लई धूर येतोय!”

“वात नवी आहे!” मास्तर खोकत म्हणाले.

सगळ्यांना वाफाळतं पाणी मिळे. मास्तर स्वतः सगळ्यांच्या शेवटी आंघोळीला जात. आणि नवल म्हणजे, रॉकेल काही केल्या संपेना. मनवानं कागदावर मांडून पाहिलं. एवढ्याशा रॉकेलात चार माणसांचं पाणी तापणं शक्यच नव्हतं. एक तर तिची पुस्तकं खोटी होती, नाहीतर स्टोव्हला देव पावला होता.

पण तिचे कान तिखट. एरवी मास्तर आंघोळ करताना सावकाश, आळवून स्तोत्र म्हणत. हल्ली स्तोत्र एक्सप्रेस झालं होतं. पहिल्या तांब्याला एक किंकाळी, आणि फलश्रुतीच्या आत माणूस टॉवेल गुंडाळून बाहेर.

शनिवारी ते टॉवेल आणायला गेले तेवढ्यात मनवानं बादलीत हात घातला. बोटं बधिर झाली. डिसेंबरातलं, टाकीतलं पाणी!

“बाबा, हे काय?”

“कोमट आहे.”

“कोमट? माझी बोटं आखडली!”

“तुला सर्दी असेल,” असं म्हणून मास्तर स्वतःच सणसणीत शिंकले.

सासूबाई लाटणं घेऊनच आल्या. “कधीपासून हे?”

“सोमवारपासून,” मास्तर भिंतीकडे बघत म्हणाले. “पहिल्याच दिवशी कळलं, रॉकेल हरतंय.”

“मग सांगायचं ना!”

“जन्मभर पोरांना गणित शिकवलं. सुनेपुढं म्हणू, उत्तर चुकलं?”

दुपारपर्यंत अंग तापलं. छातीत घरघर सुरू झाली, तशी मनवाचा जीव टांगणीला लागला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, दिवसातून चारदा वाफारा घ्यायला सांगितलं आणि सासूबाईंनी त्यात स्वतःची बोलणी मिसळली. मनवा गॅसवर पातेल्यामागून पातेलं उकळत होती. एका कडेवर पार्थ, आणि मोकळा हात मास्तरांच्या कपाळावर.

“सूनबाई,” चादरीच्या तंबूतून घोगरा आवाज आला, “या गॅसचा खर्च कुणाच्या बाजूला धरायचा?”

“गप पडा!” सासू आणि सून एकदमच ओरडल्या.

ताप उतरायला चार दिवस लागले. गीझर बसला. “बाळासाठी,” मास्तर पारावर सांगतात. मनवा फक्त रोज त्यांच्या आधी आत जाऊन पाणी बघून येते.

तुमच्याही घरात नाहीतर शेजारी असं एखादं हिशेबी माणूस असेल, इतरांना ऊन ऊन देऊन स्वतः मागं राहणारं. मनवाचं एवढंच मागणं आहे, उद्या सकाळी त्यांच्याकडे एक चक्कर मारा. पाणी गरम आहे का, असं विचारू मात्र नका. ते हो म्हणतील. सरळ बादलीत हात घालून बघा.