मागून हाक

पाण्याचा दहा लिटरचा कॅन पायरीवरच राहिलाय हे मला दिसलं, तेव्हा शाल्मलीची गाडी ड्राइव्हवेमधून रस्त्याला लागत होती. गाडीची काच खाली होती. हाक मारली असती तर तिला नक्की ऐकू गेली असती. मी तोंड उघडलं होतं, आणि मिटलं.

निघालेल्या माणसाला मागून हाक मारायची नाही.

हसायचं तर खुशाल हसा. मी इथे ऑस्ट्रेलियात, कालगुर्लीतल्या लॅबमध्ये अकरा वर्षं लोकांचं रक्त तपासते, पुराव्याशिवाय कशावर विश्वास ठेवायचा नाही हे मी दुसऱ्यांना शिकवते. पण लहानपणी डोंबिवलीत बाबा स्कूटरवरून ऑफिसला निघाले, आईने "अहो, डबा" म्हणून मागून हाक मारली, आणि पुढच्याच चौकात बाबांचा पाय मोडला. हाकेचा आणि पायाचा काडीचा संबंध नाही, कळतं मला. तरी त्या दिवसापासून आमच्या घरात कोणी कोणाला मागून हाक मारली नाही. आणि काही विसरलं म्हणून कोणी परत फिरलंच, तर त्याला आत बसवायचं, घोटभर पाणी पाजायचं, मगच पुन्हा सोडायचं. इथे आले तेव्हा एअरपोर्टवर माझ्या बॅगेतल्या बिया काढून घेतल्या, हे कोणी काढून घेतलं नाही.

शाल्मली अठराची. पर्थला तिची युनिव्हर्सिटी सुरू होणार होती आणि सहाशे किलोमीटर ती पहिल्यांदाच एकटी चालवत जाणार होती. फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा, त्रेचाळीस डिग्रीचा अंदाज. साडेसहाला निघायचं ठरलेलं, बाईसाहेब निघाल्या साडेआठला. त्यावरून आमचं सकाळी वाजलं होतंच. मी म्हटलं, "दुपारच्या उन्हात सापडशील." ती म्हणाली, "Mum, chill." हिला काय कळतंय चिलमधलं.

आधी चाळीस किलोमीटरवर कूलगार्डी लागतं. तिथून पुढे जवळजवळ दोनशे किलोमीटर फक्त लाल माती आणि झुडपं, फोनला रेंज नाही. मग सदर्न क्रॉस, मग हळूहळू माणसांचा मुलूख. अकरा वाजता सदर्न क्रॉसला पोचली की तिने फोन करायचा होता. तोवर तिचा फोन बंद करून बॅगेत. गाडी चालवताना फोनला हात लावायचा नाही, ही शिस्त मीच लावलेली.

मी कॅन उचलून आत आणला. पडदे ओढले, कूलर लावला. आमच्याकडे उन्हाळ्यात सकाळी सातनंतर घर बंद करून ठेवावं लागतं, नाहीतर संध्याकाळपर्यंत भिंती तापतात आणि नळाला गार पाणी म्हणून चहाचं पाणी येतं. मला सुट्टी होती. कपडे धुवायला टाकले, मिसळणाचा डबा पुसला, तो स्वच्छच होता. तिच्याजवळ अर्ध्या लिटरची बाटली आहे, कूलगार्डीला दुकान आहे, पोरगी काही दूधखुळी नाही. असं चार वेळा मनाला बजावलं. पण मागच्या सीटवर कॅन आहे असं समजून बसलेली मुलगी दुकानात थांबेल कशाला? मन चिंती ते वैरी न चिंती. तिची गाडी जुनी होती, आणि गाडीलाही पाणी लागतं.

तिला फोन लावला, बंद. मग नवऱ्याला, श्रीनिवासला लावला. तो खाणीत इंजिनिअर, फोन उचलेल याचा नेम नाही, पण उचलला.

"श्री, शाल्मली पाण्याचा कॅन विसरली."

"घेईल की वाटेत. तू उगाच डोक्याला ताप करून घेऊ नकोस."

"इंजिन तापलं तर?"

"अगं, हायवे आहे तो. पाच मिनिटाला एक ट्रक जातो. No worries."

कॅन राहिला हे मी सांगितलं. मला राहिलेला दिसला होता, हे नाही सांगितलं.

सव्वानऊला मी कॅन माझ्या गाडीत टाकला आणि निघाले. स्वतःचीच लाज वाटत होती. पोरगी सुखरूप सदर्न क्रॉसला पोचलेली असणार आणि मी वेड्यासारखी दोनशे किलोमीटर पाणी घेऊन जाणार, मग जन्मभर हे घरात चेष्टेला. चालेल, करा चेष्टा. कूलगार्डीच्या सर्व्होत, म्हणजे पेट्रोल पंपावरच्या दुकानात, थांबून काउंटरवरच्या मुलीला विचारलं, नवशिक्याची लाल पी पाटी लावलेली पांढरी हॅचबॅक, एक इंडियन मुलगी? ती म्हणाली, "Nah, not this morning, love."

म्हणजे थांबली नव्हती. माझ्या तोंडचं पाणी पळालं.

पुढचा पाऊण तास मी काय विचार केला ते सांगण्यासारखं नाही. लॅबमध्ये दर उन्हाळ्यात नमुने येतात, उन्हात सापडलेल्या माणसांचे. आकडे बघूनच कळतं कोण किती वेळ पाण्याशिवाय होतं. ते आकडे मला पाठ आहेत. इतर वेळी मी ते टाइप करते आणि जेवायला जाते.

कूलगार्डीनंतर साठ-सत्तर किलोमीटरवर रस्त्याच्या कडेला पांढरी गाडी दिसली. बॉनेट बंद, कोणी विश्रांतीला थांबावं तशी. मी मागे गाडी लावली, धावत गेले. आत कोणी नव्हतं. सीटवर तिची बॅग, रिकामी बाटली, मी दिलेला पोळी-भाजीचा डबा न उघडलेला. गाडीखालची माती ओली होती. दाराचं हँडल हाताला चटका देत होतं.

माझ्या आवाजाने काम करायचं सोडलं. हाक मारायची होती आणि घशातून नुसती हवा येत होती. सकाळी जमत असताना मारली नाही, आता मारायची तर येत नाही. मी देवाला काय काय कबूल केलं त्याला सीमा नाही.

तीसेक पावलांवर एका झाडाच्या मागच्या बाजूला मला तिचा बूट दिसला.

ती खोडाला टेकून बसली होती, चेहरा लालबुंद, ओठ पांढरे पडलेले. बाजूला ओकली होती. मला बघून तिला आश्चर्यही वाटलं नाही. "आई, it's so hot," एवढंच म्हणाली.

मी कॅन आणला. घोट घोट पाजलं, मानेवर ओतलं, ओढणी भिजवून डोक्यावर ठेवली. दहा-पंधरा मिनिटांनी ती नीट बोलायला लागली. इंजिनमधून वाफ आली म्हणून ती थांबली होती. थोड्या वेळाने तिच्या बाबांनी शिकवल्यासारखं पाणी घातलं, होतं नव्हतं ते बाटलीतलं सगळं. ते फाटक्या पाइपमधून खाली मातीत गेलं. मग बॉनेट बंद करून सावलीत येऊन बसली. त्या बंद बॉनेटमुळेच कोणी थांबलं नाही, ट्रकवाल्यांना वाटलं असेल कोणी पाय मोकळे करायला उतरलंय. असा एक तास.

"माझ्यामुळे झालं," मी म्हटलं. "कॅन राहिलेला मला दिसला होता, शाल्मली. मी हाक मारली नाही."

"माहितीये." ती ओढणीच्या टोकाने तोंड पुसत होती. "मी पण बघितला. मिररमध्ये. कॅन पण दिसला आणि तू पण."

"मग परत का नाही फिरलीस?"

तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच लहान आहे. "तुला चाललं असतं? निघाल्यावर परत फिरलं की तू कशी होतेस माहितीये ना. दिवसभर तुझ्या पोटात गोळा. म्हटलं जाऊ दे, कूलगार्डीला घेऊ. मग म्युझिक लावलं आणि विसरले."

मला वाटत होतं हिला या गोष्टींचं काही नाही. इथे वाढलेली, मी काही सांगितलं की डोळे फिरवणारी. आणि ही माझ्या पोटातला गोळा सांभाळत वाळवंटात शिरली होती. मला माझी इतकी चीड आली की रडूसुद्धा आलं नाही.

मी बॉनेट उघडून ठेवलं तशी पाच मिनिटांत एक कॅरव्हॅनवालं म्हातारं जोडपं थांबलं. आजोबांनी पाइपला टेप गुंडाळला, कॅनमधलं उरलेलं पाणी गाडीत घातलं. हळूहळू, मी मागे ती पुढे, सदर्न क्रॉसला पोचलो. मेकॅनिकने पाइप बदलला. तिने डबा खाल्ला, सर्व्होच्या एसीत तासभर झोपली. मी म्हटलं, आज घरी चल. ती म्हणाली, नाही, उद्या ओरिएंटेशन आहे, आणि आता मी बरी आहे. ती बरी होती. मीच नव्हते.

अडीचला ती निघाली. भरलेला कॅन मागच्या सीटवर, त्याला सीटबेल्ट मी स्वतः लावला. "येते," म्हणाली. गाडी वळून रस्त्याकडे गेली. काही म्हणजे काही राहिलं नव्हतं.

आणि मी हाक मारली. सगळा जोर लावून, "शाल्मली!"

ब्रेकचे दिवे लागले. गाडी रिव्हर्समध्ये माझ्यापर्यंत आली. तिचा चेहरा उतरला होता. "काय राहिलं?"

"काही नाही."

"मग?"

"मारून बघितली."

ती म्हणाली, "आता आत बसून पाणी प्यायचं का?"

"नको. उशीर होईल. जा. पर्थला पोचलीस की एक रिंग देऊन कट कर."

ती गेली. तिला सांगितलं होतं की मी लगेच घरी निघते. निघाले नाही. घरी गेले असते तर तिच्यापासून आणखी सव्वादोनशे किलोमीटर लांब झाले असते. सर्व्होतल्या प्लास्टिकच्या खुर्चीत फोन मांडीवर घेऊन बसले. दोन चहा घेतले, दोन्ही वाईट. काउंटरवरच्या बाईने दोनदा विचारलं, "You right, love?" दोन्ही वेळा मी हो म्हटलं.

सात वाजून दहा मिनिटांनी फोनची एकच रिंग वाजली आणि कट झाली. मग मी गाडीची किल्ली शोधायला लागले, ती माझ्या मुठीतच होती.